आधी जमिनीचा कागद, मग कादंबरी: अमेरिकेच्या गवताळ मुलखातील वसाहतकऱ्यांची पुस्तके कशी वाचावीत

जानेवारी २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ या पुस्तकमालेवर नवी मालिका करणार असल्याचे जाहीर केले आणि १९३२ पासून छापल्या जाणाऱ्या या पुस्तकांविषयी पुन्हा बोलणे सुरू झाले. लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेने आपल्या बालपणाच्या आठवणींवर ही पुस्तके लिहिली. पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकी मुले ती वाचून वाढली. तरीही २०१८ मध्ये तिथल्या बालसाहित्याशी संबंधित ग्रंथपालांच्या संघटनेने वाइल्डर यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार त्यांच्या नावापासून वेगळा केला. जी पुस्तके इतकी प्रेमाने वाचली जातात त्यांच्यावर एवढा गंभीर आक्षेप का घेतला जातो, आणि त्या काळाविषयी खरोखर जाणून घ्यायचे असेल तर काय वाचावे, हा प्रश्न आपल्याकडच्या वाचकालाही पडतो.

या विषयावरची उत्तम पुस्तके आपल्याला अर्धीच कळतात, असे मला बऱ्याच वर्षांच्या वाचनानंतर वाटू लागले आहे. त्यांच्यातील माणसे समजतात, बर्फाची वादळे समजतात, पण ती माणसे ज्या जमिनीवर उभी आहेत तिचा व्यवहार कळत नाही. शेताचा सातबारा पाहिल्याशिवाय भावकीचे भांडण समजत नाही, तसेच हे आहे. म्हणून या लेखात पुस्तकांची शिफारस करताना मी आधी जमिनीचा कागद उलगडणार आहे.

पायोनियर म्हणजे नेमके कोण?

एखाद्या मुलखात पहिल्यांदा वस्ती करायला जाणाऱ्या माणसाला इंग्रजीत पायोनियर म्हणतात. अमेरिकेच्या संदर्भात हा शब्द साधारणपणे एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडची राज्ये किंवा युरोप सोडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडे सरकलेल्या कुटुंबांसाठी वापरला जातो. ‘पहिल्यांदा’ हा त्यातला शब्द वादाचा आहे, कारण तिथे आधीपासून माणसे राहत होती. तो वाद पुढे येईलच.

त्यांच्यापैकी बरेच जण प्रेअरीवर गेले. प्रेअरी म्हणजे झाडे जवळजवळ नसलेला, क्षितिजापर्यंत पसरलेला गवताळ प्रदेश. आजची कॅन्सस, नेब्रास्का, उत्तर व दक्षिण डकोटा ही राज्ये आणि मिनेसोटाचा पश्चिम भाग डोळ्यांसमोर आणला तर या लेखातील बहुतेक पुस्तकांचा मुलूख दिसेल. तिथे घर बांधायला लाकूड नव्हते. म्हणून नांगराने गवताची जमीन कापायची, मुळांच्या जाळ्याने घट्ट धरलेल्या मातीच्या लांब पट्ट्या विटांसारख्या एकावर एक रचायच्या आणि त्यांच्या भिंती करायच्या, अशी घरे उभी राहिली. त्यांना सॉड हाउस म्हणत. ती उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असत, पण पाऊस थांबल्यावरही छत गळत राही आणि भिंतींतून उंदीर व साप निघत. जळणही मिळत नसे. बायसनच्या आणि गुरांच्या वाळलेल्या शेणी, मक्याची कणसे, पिळून घट्ट केलेले गवत अशा वस्तूंवर चूल पेटे. गोवऱ्यांवर भाकरी भाजलेली आठवण ज्या घरांत अजून आहे, त्या घरांतील वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही.

१६० एकरांचा कायदा

अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. त्याचा आशय थोडक्यात असा होता: वय २१ पूर्ण असलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीने सरकारी जमिनीपैकी १६० एकरांवर, म्हणजे सुमारे ६५ हेक्टरांवर, दावा नोंदवायचा, तिथे पाच वर्षे राहायचे, घर बांधायचे, जमीन कसायची, आणि शेवटी दोन साक्षीदार आणून हे सारे आपण केले आहे असे सिद्ध करायचे. मग जमीन त्या व्यक्तीच्या मालकीची होई. सगळे मिळून नोंदणीचे शुल्क १८ डॉलर होते. अर्जदार अमेरिकेचा नागरिकच असला पाहिजे अशी अट नव्हती. नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला तरी पुरे होते. म्हणून बोटीतून उतरलेला नॉर्वेजियन किंवा चेक शेतकरीही दावा करू शके. अविवाहित स्त्री आणि विधवाही स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

या कायद्याखाली सुमारे १६ लाख दावे शेवटी मालकीपर्यंत पोहोचले आणि सुमारे २७ कोटी एकर जमीन, म्हणजे देशाच्या एकूण भूभागाचा जवळजवळ दहावा हिस्सा, खासगी मालकीत गेली. सगळेच दावे तिथवर पोहोचले नाहीत. जमीन फुकट असली तरी नांगर, बैलजोडी, बियाणे, विहीर आणि पहिले पीक येईपर्यंतचे धान्य फुकट नव्हते. त्यामुळे कर्ज काढावे लागे. एक-दोन वर्षे पीक बुडाले की माणूस दावा सोडून निघून जाई.

इतके लक्षात ठेवले तरी कादंबऱ्यांतील अनेक प्रसंगांचा अर्थ बदलतो. नायक हट्टाने त्याच ओसाड जागी का राहतो, हिवाळा काढायला गावात का जात नाही, बायको आजारी असताना परत का फिरत नाही, या प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा त्याच्या स्वभावात नसते. पाच वर्षांची अट पूर्ण होईपर्यंत तो बांधलेला असतो.

चौकोनांचा नकाशा आणि एकटेपणा

कायद्याचे दुसरे अंग नकाशात होते, आणि माझ्या मते या साहित्याची किल्ली तिथेच आहे. सरकारने सगळा मुलूख सरळ रेषांनी चौकोनांत मोजला होता. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन, त्यात ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा, आणि त्याचे चार भाग केले की १६० एकर. ओढा, टेकडी, जुनी पायवाट यांचा या रेषांनी विचार केला नाही. एका कुटुंबाला एक चौकोन मिळे, आणि राहायचे तर त्या चौकोनातच राहायचे, अशी अट होती.

आता आपल्या गावाची रचना आठवा. गावठाणात घरे दाटीने, भिंतीला भिंत लागून, आणि शेते बाहेर शिवारात. सकाळी शेतावर जायचे, संध्याकाळी गावात परतायचे. युरोपातील, विशेषतः चेक आणि जर्मन मुलखातील, अनेक खेड्यांची रचनाही अशीच होती. होमस्टेडच्या अटीने हे गावठाणच नाहीसे केले. प्रत्येक जण आपल्या शिवारात, एकटा. शेजारचे घर अर्धा मैल किंवा त्याहून लांब, मध्ये झाड नाही, आणि वाऱ्याचा आवाज थांबत नाही. काही चतुर कुटुंबांनी आपापल्या चौकोनाच्या एकमेकांना लागून असलेल्या कोपऱ्यांवर घरे बांधून थोडी सोबत मिळवली, पण ते सर्वांना जमणारे नव्हते.

ओले रोल्वाग यांची ‘जायंट्स इन द अर्थ’ ही कादंबरी या एकटेपणाचे सर्वांत खोल चित्रण आहे. रोल्वाग १८७६ मध्ये नॉर्वेत एका मच्छीमार कुटुंबात जन्मले, विसाव्या वर्षी दक्षिण डकोटात आले आणि पुढे मिनेसोटातील सेंट ओलाफ कॉलेजात प्राध्यापक झाले. अमेरिकेत राहून त्यांनी ही कादंबरी नॉर्वेजियन भाषेत लिहिली. ती १९२४-२५ मध्ये नॉर्वेत प्रसिद्ध झाली आणि १९२७ मध्ये इंग्रजीत आली. पेर हान्सा हा तिचा नायक उत्साहाने भरलेला आहे. त्याला या जमिनीत राजाचे वैभव दिसते. बेरेट ही त्याची बायको मात्र पहिल्याच दिवशी मुलखाकडे पाहते आणि तिला जाणवते की इथे आडोसा घ्यायला काहीच नाही. तिचे मन हळूहळू कसे ढळते, हे रोल्वाग यांनी कोणतीही घाई न करता लिहिले आहे.

या कादंबरीतील एका प्रसंगासाठी मराठी वाचकाने ती जरूर वाचावी. पेर हान्साला शेजाऱ्यांच्या जमिनीत कोणा आयरिश माणसांची नावे कोरलेल्या हद्दीच्या खुंट्या सापडतात. आपल्या मित्रांची जमीन जाऊ नये म्हणून तो त्या गुपचूप उपटतो आणि जाळून टाकतो. पुढे असे दिसते की त्या आयरिश माणसांकडे कायदेशीर नोंदच नव्हती, त्यामुळे गावकऱ्यांच्या लेखी तो वीर ठरतो. बेरेटला मात्र हे भयंकर पाप वाटते, कारण तिच्या मायदेशी दुसऱ्याच्या शेताची खूण हलवण्याएवढे नीच कृत्य नव्हते. बांध कोरणाऱ्या माणसाविषयी आपल्या खेड्यांत कोणत्या भाषेत बोलतात हे ज्याला माहीत आहे, त्याला बेरेटचा धसका कोणत्याही टीपेशिवाय कळेल. ज्या मुलखात आपण जुनी नीती मागे टाकली तिथे आपण कोण होऊन बसू, ही तिची भीती आहे.

विला कॅथर यांच्या ‘माय आंतोनिया’ या १९१८ च्या कादंबरीत हाच चौकोनांचा नकाशा एका थडग्याच्या रूपाने येतो. कॅथर स्वतः १८८३ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, व्हर्जिनियाहून नेब्रास्कात आल्या होत्या. आंतोनियाचे वडील बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, विणकर. त्यांना शेतीची सवय नाही, व्हायोलिन वाजवून चार लोकांत बसण्याची सवय आहे. पहिल्याच हिवाळ्यात ते आत्महत्या करतात. त्यांना त्यांच्याच जमिनीच्या कोपऱ्यावर पुरले जाते, जिथे नकाशावरच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात. पुढे त्या रेषांवरून रस्ते होतात, पण दोन्ही रस्ते थडग्यापाशी थोडे वळण घेतात आणि न नांगरलेल्या उंच गवताचे एक लहानसे बेट तिथे शिल्लक राहते. सरळ रेषेला एका माणसाच्या मरणाने दिलेले ते वळण कॅथर यांनी दोन-तीन वाक्यांत सांगितले आहे. त्या मुलखाविषयी वाचलेल्या सगळ्या मजकुरात मला ती वाक्ये सर्वांत जवळची आहेत.

पाऊस, टोळ आणि बर्फ

सरकारने १६० एकर हा आकडा ठरवला तेव्हा पूर्वेकडची ओलसर शेती डोळ्यांसमोर होती. पण नेब्रास्का आणि डकोटांच्या मधून जाणाऱ्या १०० व्या पश्चिम रेखांशाच्या आसपास पावसाचे मान बदलते. त्याच्या पश्चिमेला वर्षाला साधारण २० इंचांपेक्षा, म्हणजे ५०० मिलिमीटरपेक्षा, कमी पाऊस पडतो. दुष्काळी पट्ट्यात राहणाऱ्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये सरकारला अहवाल देऊन बजावले होते की अशा कोरड्या भागात १६० एकरांवर कुटुंब तगणार नाही. चराऊ जमीन २,५६० एकर द्यावी, आणि पाण्याच्या सोयीप्रमाणे जमिनीची वाटणी करावी. त्याचे ऐकले गेले नाही. उलट ‘नांगर फिरला की त्याच्या मागोमाग पाऊस येतो’ हा समज जोरात पसरवला गेला. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाऊस बरा झाल्यामुळे लोकांना तो खराही वाटला. १८९० च्या दशकातील अवर्षणाने हजारो कुटुंबे परत फिरली.

कॅथर यांची ‘ओ पायोनियर्स!’ ही १९१३ ची कादंबरी अशाच अवर्षणाच्या तोंडावर सुरू होते. अलेक्झांड्रा बर्गसन ही स्वीडिश शेतकऱ्याची मुलगी वडिलांच्या मृत्यूनंतर शेती हातात घेते. शेजारी जमिनी विकून निघालेले असताना ती भावांच्या विरोधाला न जुमानता आपली जमीन गहाण टाकून त्यांच्या जमिनी विकत घेते. तिचा निर्णय फळतो. ही कादंबरी अतिशय सुंदर आहे, पण तिच्यासोबत पॉवेलचा इशारा लक्षात ठेवावा, कारण अलेक्झांड्रासारखाच जुगार खेळून हरलेल्यांच्या कथा लिहिल्या गेल्याच असे नाही.

टोळधाडीचे आणि हिमवादळांचे वर्णन वाइल्डर यांच्याइतके स्वच्छ कोणी केलेले नाही. १८७० च्या दशकात रॉकी पर्वतातून आलेल्या टोळांनी मिनेसोटापासून टेक्सासपर्यंतची पिके खाल्ली. ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’ या पुस्तकात सूर्यासमोर आलेला ढग म्हणजे टोळ आहेत हे मुलीच्या लक्षात येते, तो प्रसंग विसरता येत नाही. विलक्षण गोष्ट अशी की टोळांची ती जात १९०२ नंतर कोणाला जिवंत दिसली नाही. तिच्या अंडी घालण्याच्या डोंगराळ दऱ्या वसाहतकऱ्यांनीच नांगरल्या आणि तिथे गुरे चारली म्हणून ती नामशेष झाली, असे एक प्रभावी मत आहे.

‘द लाँग विंटर’ मध्ये १८८०-८१ चा हिवाळा आहे. दक्षिण डकोटातील डी स्मेट या नव्या गावात ऑक्टोबरमध्येच पहिले वादळ येते, बर्फाने रेल्वे बंद पडते आणि वसंत ऋतू उलटेपर्यंत माल येत नाही. कुटुंब गवताचे पीळ करून जाळते आणि कॉफी दळण्याच्या छोट्या यंत्रात दिवसभर आळीपाळीने गहू दळून त्याची भाकर करते. या मालिकेतील एकच पुस्तक वाचायचे असेल तर मी हेच सुचवेन, कारण त्यात भूक आहे तशी येते. १२ जानेवारी १८८८ च्या अचानक आलेल्या वादळात दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत शाळेतून घरी निघालेली बरीच मुले होती. त्यावर डेव्हिड लास्किन यांचे ‘द चिल्ड्रन्स ब्लिझार्ड’ हे अभ्यासपूर्ण पुस्तक आहे.

जमीन रिकामी होती का?

इथे आपण मुख्य आक्षेपापाशी येतो. सरकारने जी जमीन वाटली ती सरकारकडे आली कुठून? बहुतेक वेळा तिथल्या मूळ रहिवासी जमातींशी केलेल्या करारांनी, आणि ते करार दडपणाखाली, अपुऱ्या मोबदल्यात किंवा पुढे न पाळण्यासाठीच झालेले. धरणासाठी गाव उठते तेव्हा नकाशावर ‘संपादित क्षेत्र’ एवढेच दिसते, उठलेल्या घरांची नावे दिसत नाहीत. तसेच हे झाले.

‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ हे पुस्तक कॅन्ससमध्ये घडते. इंगल्स कुटुंब १८६९ ते १८७१ या काळात जिथे राहिले ती जमीन ओसेज या मूळ रहिवासी जमातीच्या राखीव प्रदेशातील होती आणि वसाहतीसाठी खुली झालेली नव्हती. म्हणजे त्यांचे ते घर बेकायदा होते. पुस्तकात ओसेज माणसे दाराशी येतात, धान्य मागतात, भीती घालतात, पण ती आपल्याच जमिनीवर आलेली आहेत हे मुलांना नीट समजत नाही. १९३५ च्या मूळ आवृत्तीत सुरुवातीलाच असा आशय होता की त्या मुलखात माणसे नव्हती, फक्त इंडियन, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, राहत होते. एका वाचकाने १९५० च्या दशकात याकडे लक्ष वेधले, तेव्हा वाइल्डर यांनी चूक मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ या जागी ‘वसाहतकरी’ असा बदल झाला. शब्द बदलला, पण पुस्तकाची नजर तीच राहिली. पुरस्काराचे नाव बदलण्यामागे हा आक्षेप होता. पुस्तकावर बंदी घालण्याचा तो निर्णय नव्हता.

या नजरेला उत्तर देणारी पुस्तके आहेत. लुईस अर्ड्रिक या ओजिब्वे या मूळ रहिवासी जमातीच्या वंशातील लेखिकेने १९९९ मध्ये ‘द बर्चबार्क हाउस’ लिहिले. सुपीरियर सरोवरातील एका बेटावर १८४७ मध्ये राहणाऱ्या ओमाकायास या सात वर्षांच्या मुलीचे ते वर्षभराचे आयुष्य आहे. झाडाच्या सालीचे घर बांधणे, मेपलच्या रसाची साखर, कातडी कमावण्याचा कंटाळा, भावाचा खोडसाळपणा, आणि मग बाहेरून आलेली देवीची साथ. घरकामाचे बारीक तपशील वाइल्डर यांच्यासारखेच तन्मयतेने येतात, आणि म्हणूनच ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की एकाच काळाची दोन घरे आपल्याला दिसतात.

प्रत्यक्ष आठवणी हव्या असतील तर चार्ल्स ईस्टमन यांचे ‘इंडियन बॉयहुड’ हे १९०२ चे पुस्तक वाचावे. ओहियेसा हे त्यांचे डकोटा या मूळ रहिवासी जमातीतले नाव. १८५८ मध्ये मिनेसोटात जन्मलेल्या या मुलाला वयाच्या चौथ्या वर्षी आपल्या लोकांबरोबर कॅनडाच्या दिशेने पळावे लागले. ज्या वर्षी होमस्टेड कायदा झाला त्याच १८६२ च्या उन्हाळ्यात कराराचे पैसे आणि अन्न न मिळाल्याने उपाशी असलेल्या डकोटा लोकांचे मिनेसोटात युद्ध पेटले, शेकडो वसाहतकरी मारले गेले आणि २६ डिसेंबर रोजी मॅन्केटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. ईस्टमन पुढे डॉक्टर झाले आणि १८९० मध्ये वुंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने केलेल्या मूळ रहिवाशांच्या हत्याकांडानंतर त्यांनी जखमींवर उपचार केले.

‘पण हे वसाहतकरी स्वतःच गरीब होते’

हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. स्वीडिश लेखक विल्हेल्म मोबर्ग यांनी १९४९ ते १९५९ या काळात लिहिलेल्या चार कादंबऱ्यांची पहिली ‘द एमिग्रंट्स’ याच गरिबीपासून सुरू होते. स्मोलांड या खडकाळ भागातील कार्ल ऑस्कर आणि क्रिस्तिना यांच्या शेतात पिकापेक्षा दगड जास्त आहेत, वाटण्या होत होत जमीन तुकड्यांवर आली आहे, एक मूल उपासमारीच्या दिवसांत मरते, आणि चर्चचे अधिकारी कोणी काय बोलावे यावरही पहारा ठेवतात. १८५० मध्ये ते बोटीत बसतात. पहिला अर्धा खंड केवळ निघण्याआधीचा आहे, आणि माणूस गाव का सोडतो हे समजण्यासाठी तो अर्धा भाग अमोल आहे. १८५० ते १९३० च्या दरम्यान सुमारे १३ लाख स्वीडिश माणसे उत्तर अमेरिकेत गेली. देशाच्या लहान लोकसंख्येच्या मानाने हा फार मोठा आकडा आहे. ही गोष्ट होमस्टेड कायद्याच्या आधी सुरू होते, त्यामुळे कार्ल ऑस्करला जमिनीची किंमत मोजावी लागते, हेही वाचताना ध्यानात असावे.

या गरिबांना बोलावणारेही होते. सरकारने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक तुकड्यांत जमीन बक्षीस दिली होती. ती विकायची, आणि गाड्यांना वाहून न्यायला धान्यही हवे, म्हणून कंपन्यांचे एजंट युरोपात पत्रके वाटत फिरत होते. पत्रकांत हिरवीगार शेते असत, टोळ नसत. म्हणजे ज्याला फसवून आणले त्याच्याच हाताने दुसऱ्याची जमीन गेली. मोबर्ग यांना हे ठाऊक होते. त्यांच्या चौथ्या खंडात डकोटा लोकांचे युद्ध येते, आणि आपण कोणाच्या शिकारीच्या रानात नांगर घातला हा प्रश्न कथेत उभा राहतो. गरिबाची गरज खरी होती आणि हिरावून घेणेही खरे होते. यांपैकी एकाच गोष्टीवर उभी असलेली कादंबरी मला पुन्हा वाचावीशी वाटत नाही.

‘मग कादंबऱ्या सोडून सरळ इतिहासच का वाचू नये?’

इतिहास जरूर वाचावा, पण आठवणी आणि पत्रेसुद्धा काहीतरी गाळतात, हे पाहणे उद्बोधक आहे. वाइल्डर यांनी कादंबऱ्यांआधी ‘पायोनियर गर्ल’ नावाचे आत्मकथन लिहिले होते. ते प्रकाशकांनी नाकारले आणि २०१४ मध्ये सविस्तर टिपांसह प्रसिद्ध झाले. त्यात नऊ महिन्यांचा असताना वारलेला त्यांचा भाऊ आहे, आयोवातील हॉटेलात काम करून काढलेले दिवस आहेत. कादंबऱ्यांत यांतले काहीही नाही, कारण तिथे कुटुंब नेहमी पश्चिमेकडे, पुढे पुढेच जाताना दाखवायचे होते. खरे कुटुंब मध्येच मागे फिरले होते. कॅरोलिन फ्रेझर यांच्या ‘प्रेअरी फायर्स’ या २०१८ मध्ये पुलित्झर मिळालेल्या चरित्रात या कुटुंबाच्या कर्जबाजारीपणाचा हिशेब मांडला आहे.

एलिनोर प्रुइट स्टुअर्ट या धुणेवालीने वायोमिंगमधून आपल्या आधीच्या मालकिणीला लिहिलेली पत्रे १९१४ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती वाचताना मन प्रसन्न होते. स्त्रीने एकटीने जमीन घ्यावी आणि कोणाची चाकरी करू नये, असा त्यांचा आग्रह आहे. मात्र दावा नोंदवल्यावर लवकरच आपले लग्न झाले ही गोष्ट त्यांनी पत्रांत बऱ्याच उशिरा सांगितली, आणि तो दावा त्यांनी पुढे सोडून दिला. तरीही मी हे पुस्तक सुचवतो, कारण बाईच्या नावावर जमीन असणे म्हणजे काय, याची ओढ त्यातल्या प्रत्येक पानावर आहे.

ऑस्कर मिशो यांचे ‘द कॉन्क्वेस्ट’ हे आत्मकथनात्मक पुस्तक १९१३ चे, म्हणजे ‘ओ पायोनियर्स!’ च्याच वर्षीचे. ते कृष्णवर्णीय होते आणि दक्षिण डकोटात रोझबड राखीव प्रदेशातून खुल्या केलेल्या जमिनीवर त्यांनी शेती केली. पुढे ते अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय चित्रपट दिग्दर्शकांपैकी एक म्हणून प्रसिद्ध झाले. गोऱ्या शेजाऱ्यांत एकट्याने नांगर धरणारा हा माणूस आपली जमीन कोणाकडून काढून घेतलेली आहे याविषयी फारसे थांबून बोलत नाही, आणि ती शांतता मला अस्वस्थ करते.

मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

दहा-अकरा वर्षांच्या मुलाला वाइल्डर यांचे पुस्तक देण्यात मला गैर वाटत नाही, पण ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ एकटे देऊ नये. आधी ‘द बर्चबार्क हाउस’ द्यावे. ज्या मुलाने ओमाकायासबरोबर एक वर्ष काढले आहे, ते कॅन्ससमधल्या दाराशी आलेल्या माणसांना पाहून स्वतःच विचारील की यांचे घर कुठे आहे. मोठ्यांनी समजावून सांगितलेल्या दहा वाक्यांपेक्षा तो प्रश्न अधिक टिकतो. अर्ड्रिक यांच्या पुस्तकातील देवीच्या साथीचे प्रकरण मात्र हळव्या मुलाला सोबत बसून वाचून दाखवावे.

सुरुवात कुठून करावी?

मोठ्या वाचकाने ‘माय आंतोनिया’पासून सुरुवात करावी. ती फार जाड नाही, भाषा निर्मळ आहे आणि कथेत घोटाळा नाही. त्यानंतर ‘इंडियन बॉयहुड’ वाचावे, म्हणजे कॅथर यांच्या रिकाम्या दिसणाऱ्या क्षितिजावर माणसे उमटू लागतील. मग सवड काढून ‘जायंट्स इन द अर्थ’. ज्यांना लांब कादंबरीची आवड आहे त्यांनी मोबर्ग यांचे चारही खंड क्रमाने घ्यावेत, मधलेच एक उचलू नये. यातील जुनी पुस्तके, म्हणजे कॅथर यांच्या दोन्ही कादंबऱ्या, ईस्टमन, स्टुअर्ट आणि मिशो, अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली आहेत आणि इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. वाचताना नेब्रास्का आणि डकोटांचा नकाशा जवळ ठेवावा. उपग्रहाच्या चित्रात ते चौकोन आजही दिसतात.

आणि एक मराठी पुस्तक या यादीत मी आवर्जून ठेवतो. ज्या १८८३ साली नऊ वर्षांच्या कॅथर नेब्रास्कात पोहोचल्या, त्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकीचे शिक्षण घ्यायला न्यू यॉर्कच्या बंदरात उतरल्या. त्यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेला गेल्या, तिथे जवळजवळ तीन वर्षे हिंडल्या आणि शेवटी सॅन फ्रान्सिस्कोहून परतीच्या बोटीत बसल्या. म्हणजे होमस्टेडची घरे उभी राहत होती आणि मोडत होती, त्याच वर्षांत एक मराठी स्त्री तो खंड पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत पाहत होती. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांपेक्षा शासनव्यवस्था, शिक्षण आणि स्त्रियांच्या संघटना यांची माहिती अधिक आहे. पण बेरेट आणि अलेक्झांड्रा ज्या देशात जगत होत्या त्या देशाची रचना त्या काळच्या मराठीत समजून घ्यायची असेल, तर कादंबऱ्यांच्या आधी त्यातली निदान दोन-तीन प्रकरणे वाचावीत.